उन्हाळी बालसंस्कार शिबिर: व्यासपीठ नंतर बघा, आधी ताटं धुण्याची जागा बघा

गुढीपाडवा झाला की परभणी, हिंगोली, बीड, जालना, लातूर, नांदेड सगळीकडे निवासी बालसंस्कार शिबिरांची पत्रकं फिरू लागतात. वारकरी वळणाचं, पंधरा दिवसांपासून महिनाभराचं, साधारण आठ ते पंधरा वयाच्या लेकरांसाठी आणि मे महिन्यात भरणारं, असं त्यांचं ठरलेलं रूप. जागा एखादा मठ, मंगल कार्यालय नाहीतर शाळेची इमारत. शिकवणी हरिपाठ, मृदंग, गायन, पाऊली (टाळ-मृदंगाच्या तालावर पावलं टाकणं), गीतेचे अध्याय आणि सूर्यनमस्कार. पत्रकावर महाराजांचा फोटो मोठा असतो. लेकरं झोपणार कुठं, पाणी कुठून येणार, याची ओळ क्वचितच सापडते. हे परीक्षण कुण्या एका शिबिराचं नाही. मराठवाड्यात हा जो प्रकार चालतो तो लेकराला खरोखर काय देतो, कुठं कमी पडतो आणि पैसे भरण्याआधी काय बघावं, एवढंच इथं मांडलं आहे.

मत आधीच सांगतो. चांगलं चालवलेलं शिबिर लेकराला चार-दोन पक्क्या सवयींची सुरुवात करून देतं, आणि ही गोष्ट लहान नाही. पण त्या सवयी पाठांतरातून लागत नाहीत, लेकराच्या स्वतःच्या हाताने रोज होणाऱ्या कामांतून लागतात. म्हणून शिबिर निवडताना किती अध्याय पाठ करून घेतात हे विचारण्याआधी जेवणानंतर ताट कोण धुतं हे विचारावं.

चालू शिबिरात जेवणाच्या वेळेला जा आणि पंगत उठली की मोरीपाशी उभे राहा. नीट बसवलेली पद्धत अशी असते. लेकरू ताटातलं खरकटं बोटाने निपटून एका बादलीत टाकतं, ती बादली जनावरांकडे जाते. मग काथ्याला चिमूटभर राख किंवा साबणाचा चुरा घेऊन ताट आतून-बाहेरून घासतं. पहिल्या घमेल्यात ताट विसळायचं, दुसऱ्या घमेल्यात पुन्हा विसळायचं, आणि शेवटी तांब्याभर स्वच्छ पाणी वरून सोडायचं. ताट उन्हात तिरपं उभं करायचं. उपडं ठेवलं तर आत ओल राहते आणि संध्याकाळी कुबट वास येतो. पाच-सहा दिवसांत आठ वर्षांचं लेकरूही हे दोन मिनिटांत उरकतं.

बिघडतं कुठं? शंभर लेकरांना एकच घमेलं ठेवलं की दहाव्या-बाराव्या ताटालाच पाणी तेलकट होतं आणि मागच्यांची ताटं धुतल्यापेक्षा जास्त माखतात. चौथ्या-पाचव्या दिवशी पोटं बिघडायला लागतात त्याचं हे एक मोठं कारण. पंचवीस-तीस लेकरांमागे एक जागा आणि तेवढ्याच ताटांनंतर पहिल्या घमेल्यातलं पाणी बदलणं, इतकी शिस्त लागतेच. दुसरा बिघाड सवयीचा आहे. रांग लांबते, पुढच्या तासाला उशीर होतो, म्हणून सेवेकरी म्हणतात, “राहू द्या, आम्ही उरकतो.” त्या दिवशी वेळ वाचतो, पण ज्यासाठी लेकरू आलं ते काम हातातून जातं. जेवणानंतर पाऊण तास मोकळा ठेवणारं शिबिर हे आधीच ओळखून असतं.

पाण्याचा मुद्दा आपल्याकडे वेगळा सांगायला नको. २०१६ च्या एप्रिलात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, तो उन्हाळा या भागातलं कुणी विसरलेलं नाही. मे महिन्यात टँकरवर चालणाऱ्या शिबिरात लेकरू एका तांब्यात ताट विसळायला शिकतं, एका बादलीत अंघोळ उरकायला शिकतं, नळ सोडून दात घासायचे नाहीत हे शिकतं. शहरातल्या लेकरांना तर हे पहिल्यांदाच कळतं. मोरीचं पाणी चर काढून झाडांना सोडलेलं दिसलं तर चालवणारी माणसं विचाराची आहेत असं समजा.

पंगतीत आणखी एक गोष्ट बघावी: उष्टं पडतं का. ‘अन्न टाकू नये’ असा फलक लावून उष्टं थांबत नाही. वाढप्याने पहिल्या फेरीत अर्धी भाकरी, पळीभर वरण वाढायचं आणि फेरी तीनदा करायची, मग थांबतं. एकदाच भरून वाढलं की आठ वर्षांचं लेकरू संपवू शकत नाही, आणि त्यावर त्याला रागावलं तर ते जेवणालाच भिऊ लागतं. वाढण्याची पाळी लेकरांकडे असेल तर उत्तम. दुसऱ्याच्या ताटात किती वाढायचं याचा अंदाज आला की स्वतःला किती मागायचं तेही उमगतं. सकाळच्या अल्पोपाहाराला चुरमुऱ्यांचा सुशीला किंवा उपमा, दुपारी भाकरी, वरण, भाजी आणि ताक, रात्री हलकी खिचडी, एवढा साधा बेत पुरतो. रोज गोडधोड आणि दात्यांची नावं पुकारून होणाऱ्या पंगती लेकरांच्या पोटाला झेपत नाहीत.

पंगतीत कोण कुणाशेजारी बसतं, हेही डोळसपणे बघा. वारकरी परंपरेत एकमेकांना माउली म्हणून पायाला हात लावतात, तिथं थोर-लहान नसतं. शिबिरात हे घडतं तेव्हा ते पाहण्यासारखं असतं: चौदा वर्षांचा मुलगा नऊ वर्षांच्या पोराच्या पायाला हात लावतो आणि दोघांनाही त्यात काही वावगं वाटत नाही. पण वाढप करणारे एकाच घराण्यातले, गाभाऱ्याजवळची कामं ठरावीक मुलांनाच, असं दिसलं तर तिथं पाठवू नका. समतेची गोष्ट सांगून भलतंच वागलेलं लेकरं फार लवकर टिपतात.

आता पाठांतर. ज्ञानदेवांचा हरिपाठ २७ अभंगांचा, काही पोथ्यांत शेवटच्या अभंगासह २८. गीतेचा बारावा आणि पंधरावा अध्याय प्रत्येकी २० श्लोकांचा. पसायदान नऊ ओव्यांचं. महिनाभराच्या शिबिरात हरिपाठ वेगळा घोकून घ्यावाच लागत नाही. रोज दिवेलागणीला टाळ-मृदंगावर सगळ्यांबरोबर म्हटला की पंधराव्या-सोळाव्या दिवशी लेकराच्या तोंडात बसतो. गीतेचे श्लोक मात्र चरण तोडून, संधी सोडवून शिकवावे लागतात. आधी चरण, मग अर्धा श्लोक, मग पूर्ण, आणि दिवसाला दोनच श्लोक. पहिल्या आठवड्यातच अध्याय संपवायची घाई झाली की उच्चार चुकीचे बसतात, आणि एकदा चुकीचा बसलेला उच्चार सुटता सुटत नाही. पाठांतराने स्मरण वाढतं, जिभेला वळण लागतं, चारचौघांत उभं राहून बोलायची भीती जाते. एवढं श्रेय त्याचं आहे. हरिपाठ पाठ आहे म्हणून लेकरू खरं बोलेल, असं मात्र होत नाही.

वागणुकीशी सांधा जुळतो तो गोष्टींतून, आणि त्यासाठी मराठवाड्याएवढी श्रीमंत जागा नाही. एकनाथ पैठणचे, नामदेव नरसीचे, जनाबाई गंगाखेडच्या, गोरोबा काका तेरचे, समर्थांचं जन्मगाव जांब. बहुतेक लेकरांच्या मामाचं किंवा आत्याचं गाव यांतल्या एखाद्या ठिकाणाच्या आसपास असतंच. गोदावरीच्या तापल्या वाळूत रडणारं पोर एकनाथांनी कडेवर उचलून घेतलं, ही गोष्ट मे महिन्यात दुपारी सांगावी. अंगणात अनवाणी दोन पावलं टाकलेल्या लेकराला ती वेगळी समजवावी लागत नाही. चांगले शिक्षक इथंच थांबून विचारतात, “आज कुणाला मदत लागली होती? कुणी केली?” रात्री दहा मिनिटं हा प्रश्न घेणारं शिबिर तासभराच्या प्रवचनापेक्षा जास्त कमावतं. मोठ्यांसाठी रचलेलं दोन तासांचं कीर्तन आठ वर्षांच्या लेकरांपुढे ठेवू नये. पहिल्या वीस मिनिटांनंतर ती टाळाच्या दोरीशी खेळत बसतात, आणि दोष मात्र त्यांनाच दिला जातो.

मृदंगाचा तास लेकरांचा सगळ्यात आवडता असतो. वाजवणं महिनाभरात फारसं येत नाही, हे पालकांनी आधीच समजून घ्यावं. हाताची बैठक, तोंडाने बोल म्हणणं आणि एखादा साधा ठेका, एवढं झालं तरी भरपूर. पण वाद्याची निगा राखण्यातून जी सवय लागते ती पुढे कामाला येते. वाजवण्याआधी कणकेचा गोळा सैलसर मळायचा आणि मृदंगाच्या डाव्या तोंडावर, धुमेवर, मधोमध गोल थापायचा. कणीक कमी पडली तर आवाज कोरडा निघतो, जास्त झाली तर बसका. लेकरू थाप मारून ऐकतं, चिमूटभर काढतं, पुन्हा थाप मारतं. तास संपला की कणीक खरवडून काढायची आणि चामडं ओलसर फडक्याने पुसायचं. रात्रभर तशीच राहिली तर ती वाळून चामडं ओढते, मुंग्या लागतात, उंदीर कुरतडतात. उजव्या तोंडाच्या शाईला, म्हणजे मधल्या काळ्या लेपाला, पाणी लागू द्यायचं नाही. ज्या शिबिरात हे सगळं शिक्षकच करून ठेवतात आणि लेकरं फक्त येऊन वाजवतात, तिथं अर्धा धडा राहून जातो.

या शिबिरांची सगळ्यात कच्ची बाजू झोप. सहा ते बारा वयाच्या लेकराला चोवीस तासांत ९ ते १२ तास झोप लागते, तेरा ते अठरा वयाला ८ ते १० तास. आता नेहमीचं वेळापत्रक मांडून बघा. रात्रीचं कीर्तन दहाला संपतं, अंथरुणं घालून डोळा लागेपर्यंत साडेदहा, आणि पहाटे साडेचारला काकडा. झोप झाली सहा तास. चार दिवस उत्साहात निघतात. पाचव्या दिवसापासून चिडचिड, डोकेदुखी, तासाला पेंगणं सुरू होतं, आणि ‘लक्ष देत नाही’ म्हणून शिक्षा मिळते. लवकर उठण्याची गोडी लावायला निघालेल्या शिबिरातून लेकरू पहाटेचा कंटाळा घेऊन परत येतं. उपाय अवघड नाही. नऊला दिवे बंद, पाचला उठणं आणि दुपारी दीड तास सक्तीची विश्रांती: साडेनऊ तास भरतात. चौकशीला गेलात की दिवे किती वाजता बंद होतात, हा प्रश्न थेट विचारा.

त्याच्या खालोखाल ऊन. परभणी-नांदेडकडे मे महिन्यात पारा त्रेचाळीसच्या पुढे जातो. पत्र्याच्या शेडखाली दुपारी लेकरं झोपवणं धोक्याचं आहे. स्लॅबची इमारत, जुन्या वाड्याचं माळवद (मातीचं धाबं) किंवा दाट झाडाखालचा मांडव चालतो. दुपारी बारा ते तीन मैदानावर काहीही नको, सूर्यनमस्कार सकाळी सातच्या आत संपलेले बरे. प्यायच्या पाण्याचे माठ झोपायच्या खोलीजवळ हवेत. लांब असले की लहान लेकरं आळसाने पाणीच पीत नाहीत. ओआरएसची पाकिटं साठ्यात असावीत: मोठं पाकीट एक लिटर पाण्यात, आणि केलेलं पाणी चोवीस तासांनी टाकून द्यायचं. पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. मीठ अंदाजाने टाकायचं नाही, जास्त झालं तर अपाय होतो. लेकरू तापलेलं आहे आणि असंबद्ध बोलतंय किंवा गुंगीत आहे, असं दिसलं तर सावलीत घेऊन अंग ओलं करायचं, वारा घालायचा आणि लगेच १०८ ला फोन करायचा. हे प्रत्येक सेवेकऱ्याला माहीत आहे का, दोघा-तिघांना विचारून बघा.

सुरक्षिततेबाबत भिडस्तपणा करू नका. शाळेत मुलांना शारीरिक शिक्षा किंवा मानसिक त्रास देण्याला २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने मनाई आहे. शिबिर ही शाळा नसली तरी मोजमाप तेच लावावं. छडी, उन्हात उभं करणं, जेवण तोडणं यांतलं काहीही चालत असेल तर तिथल्या संस्कारांचा उपयोग नाही. भीतीने लागलेली शिस्त छडीबरोबरच जाते. लहान आणि मोठ्या मुलांची झोपण्याची खोली वेगळी आहे का? मुलींसाठी स्त्री सेविका रात्री मुक्कामाला असते का? शौचालयाच्या वाटेवर दिवा आहे का? लेकराला घरी फोन करायचा झाला तर तो एकांतात करता येतो का? ‘पहिले आठ दिवस फोन नाही’ असा नियम बऱ्याच ठिकाणी असतो. घरची ओढ कमी व्हावी म्हणून तो करतात, पण लेकराला काही सांगायचं असेल तर त्याची वाटच बंद होते. एक दिवसाआड पाच मिनिटं बोलणं हवंच. पाठवण्याआधी घरी नीट सांगा: अंगाला नको तिथं कुणी हात लावला, मग तो कितीही मोठा माणूस असो, तर लगेच सांगायचं आणि आम्ही तुझंच ऐकू. मदतीसाठीचा १०९८ हा क्रमांक लेकराच्या वहीवर लिहून द्या.

पैशाचं थोडक्यात. काही ठिकाणी शुल्क असतं, काही ठिकाणी देणगी आणि धान्य. काहीही दिलं तरी पावती घ्या आणि मधेच लेकरू परत आणावं लागलं तर काय, हे आधी विचारा. सामानात दोन जाड चादरी, चार कपडे, नाव लिहिलेलं ताट-वाटी-तांब्या, कपड्याचा साबण, टोपी, पंचा आणि वही पुरे. ताटावर नाव कोरून द्या, चिकटवलेला कागद दुसऱ्या दिवशी निघतो.

समारोपाच्या दिवशी बऱ्याच शिबिरांत आई-वडिलांचं पाद्यपूजन असतं. लेकरं पाय धुतात, माइकवरून वक्ते आईच्या कष्टांचं वर्णन करतात आणि सगळा मांडव रडतो. भावना खरी असते, तिला नावं ठेवायचं कारण नाही. पण त्या रडण्यावरून शिबिराची पारख करू नये. तोच वेळ पालकांना घरी पुढे काय करायचं हे सांगायला दिला असता तर जास्त पदरात पडलं असतं.

कारण खरी गळती घरी आल्यावर होते. शिबिरात घंटा होती, शंभर सोबती होते, सगळे उठत म्हणून आपणही उठायचं. घरी घंटा नाही, भाऊ नऊपर्यंत लोळतोय, टीव्ही अकरापर्यंत चालू आहे. पंधरा दिवसांत सगळं जागच्या जागी येतं आणि घरचे म्हणतात, शिबिराचा काही उपयोग झाला नाही. पत्रकांवर ‘२१ दिवसांत सवय’ असं छापलेलं असतं, त्यावर विसंबू नका. लंडनमध्ये झालेल्या आणि २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मोठ्या माणसांना साधी सवय अंगवळणी पडायला १८ ते २५४ दिवस लागले, मधला आकडा ६६. म्हणजे महिनाभराच्या शिबिरात निम्मंच काम होतं, उरलेलं घरी करायचं असतं.

त्यासाठी सगळं वेळापत्रक घरी आणायला जाऊ नका, ते टिकत नाही. तीन गोष्टी धरा: आपलं ताट आपण धुणं, उठल्याबरोबर अंथरुणाची वळकटी करणं, आणि दिवेलागणीला पसायदान. प्रत्येकीला घरातली रोज होणारी एखादी गोष्ट जोडून द्या, तीच घंटेचं काम करते. जेवणाचा शेवटचा घास संपला की ताट उचलायचं. पाय जमिनीला लागले की चादर घडी करायची. देवापुढे दिवा लागला की पसायदान, आणि तेव्हा घरातल्या मोठ्यांचाही फोन बाजूला. एखादा दिवस चुकला तर बोलून दाखवू नका, दुसऱ्या दिवशी पुन्हा सुरू करा.

घरच्या माणसांकडून होणाऱ्या चुका ठरलेल्या आहेत. आजी हातातलं ताट काढून घेते: “राहू दे रे बाळा, तिथं लई केलंस.” पाहुणे आले की लेकराला मधोमध उभं करून बारावा अध्याय म्हणायला लावतात, मग त्याला त्याचाच कंटाळा येतो. आणि सगळ्यात मोठी चूक म्हणजे मुलगी ताट धुते ते घरकाम, मुलगा धुतो ते कौतुक. मुलगी शिबिरातून आली की तिच्यावर सगळ्यांची ताटं पडतात, मुलगा आठ दिवसांनी मोकळा होतो. शिबिराचा खरा फायदा मुलाला झालेला असतो, कारण त्याच्या हाताला हे काम पहिल्यांदा लागलेलं असतं, आणि तोच आपण घरात सगळ्यात आधी घालवतो. घरातल्या प्रत्येक पुरुषाने आपलं ताट स्वतः मोरीत नेलं तर मुलाला काही सांगावं लागत नाही.

ऊसतोडीला जाणाऱ्या घरांतली लेकरं शिबिरात आली तर चालकांनी त्यांच्याकडे वेगळं लक्ष द्यावं. पाणी भरणं, भावंडं सांभाळणं, भाकरी थापणं ही कामं त्यांना आधीच येतात, कामाची सवय त्यांना शिकवावी लागत नाही. त्यांना हवी असते वेळेवरची पोटभर झोप आणि हंगामात बुडालेलं वाचन-लेखन. रोज सकाळी तासभर वाचनाचा ठेवला तर या लेकरांच्या पदरात सगळ्यात जास्त पडतं, आणि इतरांचंही नुकसान होत नाही.

आठ वर्षांखालच्या लेकराला निवासी शिबिरात पाठवू नये. रात्री अंथरूण ओलं होणं, घरच्या आठवणीने जेवण सोडणं हे त्या वयात होणारच, आणि शंभर लेकरांत त्याकडे लक्ष द्यायला कुणाला वेळ नसतो. त्यांच्यासाठी गावातल्या मंदिरात किंवा वाचनालयात संध्याकाळी भरणारा दीड-दोन तासांचा वर्ग बरा. पाठांतर कमी होतं, मृदंग तर नाहीच. पण लेकरू रोज घरी येतं, शिकलेलं त्याच दिवशी आईपुढे करून बघतं, आणि वर्ग जूनमध्ये शाळा उघडल्यावरही आठवड्यातून दोनदा चालू ठेवता येतो. असा वर्ग जवळ असेल तर मोठ्या लेकरालाही शिबिरानंतर त्यात घाला.